नाही म्हणण्याआधी

आज आपण एका नळीपाशी बसणार आहोत. दोनशे मायक्रोलिटरची नळी, करंगळीच्या टोकाएवढी, पातळ भिंतीची, झाकण घट्ट मिटलेली. हातमोजे इतक्यात घालू नका. पिपेट स्टँडवरच राहू द्या. डोळे मिटायचीही गरज नाही. या कामात मिटलेल्या डोळ्यांचा काही उपयोग होत नाही.

नळीत लसणाच्या पानातून काढलेला आरएनए आहे. पान खेड तालुक्यातल्या एका वाफ्यातलं, पिवळ्या रेघा पडलेलं. शेतकऱ्याचा प्रश्न सरळ आहे: याला व्हायरस आहे का, आणि याच्या पाकळ्या पुढच्या वर्षी बियाण्याला ठेवू का? लसूण बी पेरून येत नाही, पाकळी लावून येतो. त्यामुळे एकदा आत शिरलेला विषाणू पाकळीबरोबर पुढच्या वर्षाच्या वाफ्यात उतरतो, आणि तिथून त्याच्या पुढच्या. "आहे" असं उत्तर आलं तर निदान काहीतरी दिसलेलं असतं. "नाही" आलं तर काहीच दिसलेलं नसतं, आणि त्याच न दिसण्यावर माणूस वर्षभराचं बियाणं ठरवतो. आजचं मनन त्या नकारावर आहे.

तुम्ही पुनावळ्यात राहता असं धरू. जिथं काही वर्षांपूर्वी शेत होतं तिथल्या टॉवरमध्ये. सकाळचे सात वाजलेत. खाली टँकर लागलाय. पिंपरी-चिंचवडला २५ नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. पवनेचं पाणी महापालिका उचलते ते शेजारच्या रावेतच्या बंधाऱ्यावरून, आणि तरी तुमच्या सोसायटीच्या टाकीत टँकर रिकामा होतोय. महामार्गाचा आवाज सुरू झालाय, अंडरपासपाशी हॉर्न वाजायला लागलेत, थोड्या वेळानं तुम्हीही त्याच रांगेत असाल. प्रयोगशाळा कुठली ते तुम्ही ठरवा. ताथवड्याला डी. वाय. पाटील विद्यापीठाची जैवतंत्रज्ञानाची संस्था आहे, अगदी शेजारी. किंवा देहूरोड, तळेगाव, चाकण करत राजगुरुनगर गाठा. तिथं कांदा आणि लसणावर संशोधन करणारं केंद्र सरकारचं संचालनालय आहे. चाकणच्या तळेगाव चौकात अडकलात तर हे मनन तिथंही चालेल. या पट्ट्यातले सुरुवातीचे मोठे कारखाने मोजायला बसलं तर त्यात इंजिनांच्या आधी बुरशी येते, हे तिथं आठवायला हरकत नाही: हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, पिंपरी, १९५४, पेनिसिलीन.

आता पाण्याकडेच थोडं थांबू.

वीस मायक्रोलिटरच्या रिअ‍ॅक्शनमध्ये बराचसा भाग पाणीच असतं. बाटलीवर न्यूक्लिएज-फ्री असं लिहिलेलं असतं, आणि ते वाचून आपण पुढे जातो. आज पुढे जाऊ नका. आरएनए कापणारी एन्झाइमं, म्हणजे आरएनएजं, सगळीकडे आहेत. त्यातलं आरएनएज ए तर असं की उकळत्या पाण्यातून काढलं तरी गार होताना पुन्हा आपल्या मूळ घडीत येतं आणि कामाला लागतं. चार डायसल्फाइड बंध त्याला धरून ठेवतात. ख्रिश्चन अॅनफिन्सन यांना १९७२ चं नोबेल मिळालं ते याच एन्झाइमच्या घडीवरच्या कामासाठी. म्हणजे ऑटोक्लेव्हवर भिस्त ठेवून चालत नाही. शून्य दशांश एक टक्का डीईपीसी घालून रात्रभर ठेवायचं आणि मग ऑटोक्लेव्ह करायचं, ही जुनी रीत. ट्रिस असलेल्या बफरला ती लागू नाही, कारण डीईपीसी ट्रिसशीच भांडत बसतं. माझं मत विचाराल तर पाण्यात काटकसर करू नये. तयार बाटली विकत घ्यावी, आल्या दिवशीच छोट्या ट्यूबांमध्ये वाटून ठेवावी, आणि एकदा उघडलेली ट्यूब दुसऱ्या दिवशी वापरू नये.

आता स्वतःच्या हाताकडे बघा. तळवा, बोटांची टोकं. या कातडीवर आरएनएजं आहेत. तुमची कातडी ती स्वतः बनवते, जंतूंपासून सांभाळायला. त्यांच्यावर रागवायचं काही कारण नाही. ती तुमच्या बाजूची आहेत, फक्त नळीच्या बाजूची नाहीत. आता हातमोजे घाला. आणि घातल्यावर फोन वाजला तर? तो उचललेला हातमोजा हातमोजा राहत नाही, एवढं लक्षात असू द्या. बदला.

नळीतल्या आरएनएचा स्वभाव एकदा समजून घेतला की पुढची घाई आपोआप कमी होते. पेशी डीएनए जपून ठेवते, आरएनए मात्र लिहिते ती पुसण्यासाठी. माणसाच्या पेशीत सी-फॉस नावाच्या जनुकाचा संदेश अर्ध्यावर यायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. रक्तातल्या ग्लोबिनचा संदेश दिवसभराहून जास्त टिकतो. पेशीला जेवढा वेळ हवा तेवढाच वेळ. तेव्हा आरएनए मोडला म्हणजे काही आक्रीत घडलं असं नाही. पान तोडलं त्या क्षणापासून मोडतोड सुरूच होती. द्रव नायट्रोजनमध्ये पान टाकलं तिथं ती थांबली, ट्रायझॉलमध्ये पूड टाकली तिथं पुन्हा थांबली. तुमच्या नळीत जे आहे ते त्या थांबवलेल्या क्षणातलं उरलेलं आहे. ते किती स्वच्छ आहे ते बघा: २६० नॅनोमीटरच्या शोषणाला २८० च्या शोषणानं भागल्यावर दोनच्या आसपास आकडा आला तर प्रथिनं फारशी नाहीत. दुसरा भागाकार, २६० ला २३० नं, लसणात बहुधा वाईट येतो. तो वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

यातल्या संदेशवाहक आरएनएचा वाटा किती? शंभरात एक ते पाच. ऐंशीच्या वर रायबोसोमचा. विषाणूचा असलाच तर कुठेतरी या गर्दीत.

हा आरएनए असाच पुढच्या पायरीत टाकता येत नाही. पीसीआरचं पॉलिमरेज डीएनए वाचतं. म्हणून आधी आरएनएवरून डीएनएची प्रत करायची, सीडीएनए, आणि ती करणारं एन्झाइम म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. माहिती या दिशेनंही वाहू शकते हे मानायला जीवशास्त्र बराच काळ तयार नव्हतं. हॉवर्ड टेमिन यांनी १९६४ मध्ये तशी कल्पना मांडली, आणि पुढची काही वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९७० मध्ये टेमिन आणि सातोशी मिझुतानी यांना कोंबड्यांत गाठी करणाऱ्या राउस सार्कोमा विषाणूत हे एन्झाइम सापडलं. त्याच वेळी डेव्हिड बाल्टिमोर यांना उंदरांत ल्युकेमिया करणाऱ्या विषाणूत. १९७५ चं नोबेल टेमिन, बाल्टिमोर आणि रेनातो दुल्बेको यांना मिळून. तुमच्या फ्रीझरमधली ट्यूब त्याच दोन घराण्यांतली असते: एएमव्ही कोंबडीकडची, एम-एमएलव्ही उंदराकडची. आता ती सहसा विषाणूतून काढत नाहीत, ई. कोलाय जिवाणूकडून बनवून घेतात, आणि मधली काही अमिनो आम्लं बदललेली असतात. उंदराच्या विषाणूचं, जिवाणूनं बनवलेलं, प्रयोगशाळेत सुधारलेलं एन्झाइम खेडच्या लसणाचं पान वाचायला बसणार आहे. एक क्षण हे नुसतं मनात राहू द्या.

मग निवड. कॅटलॉग उघडला की प्रत्येक एन्झाइम सर्वोत्तम असतं. दोन प्रश्न विचारा, बाकीची पानं उलटू नका.

पहिला: ते किती उष्णता सोसतं? आरएनए सरळ दोरीसारखा पडलेला नसतो, स्वतःवरच दुमडतो, गाठी मारतो, आणि एन्झाइम त्या गाठीशी येऊन गळून पडतं. मूळ एम-एमएलव्ही ३७ अंशांचं; त्या तापमानाला गाठी तशाच राहतात. बदललेली रूपं ५० ते ५५ अंशांवर काम करतात, तिथं बऱ्याच गाठी सुटलेल्या असतात. दुसरा: त्याच्यात आरएनएज एच ची क्रिया ठेवली आहे की काढली आहे? ही क्रिया असलेलं एन्झाइम प्रत करता करता मूळ आरएनएच कुरतडतं. लांब प्रत हवी असेल तर ती काढलेलं घ्या. शंभर-दीडशे अक्षरांचा तुकडाच मोजायचा असेल तर एवढी चिंता नको. मोजणीत कधी कधी तिचा उपयोगच होतो. आणि हे एन्झाइम स्वतःच्या चुका तपासत नाही. पंधरा ते तीस हजार अक्षरांमागे एखादं चुकतं असं साधारण धरतात. "आहे की नाही" एवढ्यासाठी ते चालतं. विषाणूचा क्रम अक्षरशः वाचायचा असेल तर एका प्रतीवर विसंबू नका.

आता सगळ्यात हळू जाऊ. प्रायमर.

रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज कोऱ्या जागेवरून सुरू करू शकत नाही. त्याला आधी चिकटलेला एक छोटा तुकडा लागतो, तिथून पुढे ते लिहीत जातं. तो तुकडा तुम्ही देता. म्हणजे लिखाण कुठून सुरू होणार हे तुम्ही ठरवता, आणि जिथं काहीच चिकटलं नाही तिथलं लिहिलंच जाणार नाही.

ऑलिगो डीटी म्हणजे बारा ते अठरा टी-अक्षरांची माळ. संदेशवाहक आरएनएच्या शेवटी ए-अक्षरांची शेपटी असते, तिला ही माळ बिलगते. रायबोसोमच्या गर्दीला अशी शेपटी नसते, त्यामुळे ती बाजूलाच राहते. नीटनेटकं काम. रँडम हेक्सामर म्हणजे सहा अक्षरांचे तुकडे, शक्य त्या सगळ्या जोडण्यांचे, ४,०९६ प्रकारचे; ते कुठेही बसतात, रायबोसोमवरही, मोडक्या तुकड्यांवरही. आणि तिसरा मार्ग, एकाच जनुकासाठी बेतलेला प्रायमर: तेवढंच विचारायचं, बाकी काही नाही.

लसणातला ओनियन यलो ड्वार्फ विषाणू घ्या. मावा किड्यांवाटे आणि पाकळ्यांवाटे पसरणारा, सुमारे साडेदहा हजार अक्षरांचा आरएनए. त्याला ए-अक्षरांची शेपटी आहे, आणि त्याच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन बनवणारा भाग शेपटीच्या अगदी जवळ आहे. ऑलिगो डीटी शेपटीला धरून निघाली की हजारभर अक्षरांत कवचाचा भाग लिहून होतो. तुमचा पीसीआर तोच भाग शोधत असेल तर निवड बरोबर. पण दुसऱ्या टोकाचा भाग शोधायचा असेल तर एन्झाइमला नऊ हजार अक्षरं चालावं लागेल, आणि वाटेत आरएनए एके ठिकाणी जरी तुटलेला असेल तरी ते तिथंच संपलं.

आता कांद्याकडे या. फुलकिड्यांनी आणलेला आयरिस यलो स्पॉट विषाणू. पातीवर वाळक्या गवताच्या रंगाचे, दोन्ही टोकांना निमुळते चट्टे. हाही आरएनएचाच. पण त्याला शेपटी नाही. नळीत तो कितीही असू दे, नुसत्या ऑलिगो डीटीला तो पकडण्याचा आधारच नाही. पीसीआर स्वच्छ चालेल, पॉझिटिव्ह कंट्रोल चमकेल, आणि नमुन्याच्या रांगेत काही येणार नाही. तिथं "नाही" लिहिलं तर ते कशाबद्दल लिहिलं?

इथं थांबा. याच पट्ट्यातलं एक नाव आठवू. संताजी जगनाडे चाकणचे. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला. देहूला इंद्रायणीत बुडवलेल्या अभंगांची आठवण इथल्या माणसांना सांगावी लागत नाही, आणि परंपरा सांगते की तुकोबांचे अभंग लिहून घेणाऱ्यांत संताजी होते. म्हटलेलं विरून जातं, म्हणून कुणीतरी जवळ बसून कागदावर आणतं. आता वहीकडे लेखनिकाच्या बाजूनं बघा. जे त्याच्या कानावर आलं ते वहीत आलं. कीर्तन सुरू झाल्यावर तो पोचला असेल तर सुरुवात वहीत नाही. गाथेच्या वेगवेगळ्या प्रतींत अभंगांची संख्या सारखी नाही ती उगीच नव्हे. एखादा अभंग एका वहीत नाही म्हणून तुकोबांनी तो म्हटलाच नाही, असं कुणी शहाणा माणूस म्हणत नाही. सीडीएनएच्या नळीबद्दल मात्र आपण ते रोज म्हणतो.

आणि पीसीआर ही उणीव भरून काढत नाही. चाळीस फेऱ्यांत तो एकाचे अब्जावधी करील. पण जे सीडीएनएत उतरलं नाही त्याचे शून्याचे शून्यच राहतील. म्हणून दोन्ही प्रायमर मिसळून वापरणं मला बरं वाटतं, निदान जिथं नेमकं कोण बसलंय हे माहीत नसतं तिथं.

आज तुमच्या टेबलावर मात्र फक्त ऑलिगो डीटीचं किट आहे. तीन कोटेशनं मागवली, एल-वन ला, म्हणजे सगळ्यात कमी दर देणाऱ्याला, ऑर्डर गेली, आणि हेक्सामर त्या किटात नव्हतेच. ते वेगळे घ्यावे लागतात हे इंडेंटमध्ये कुणी लिहिलं नाही. असं होतं. त्याच किटनं काम करू, आणि ते काय सांगू शकणार नाही हे आत्ताच वहीत लिहून ठेवू.

आता हात चालू द्या, सावकाश. आरएनए, प्रायमर आणि डीएनटीपी एकत्र. ६५ अंश, पाच मिनिटं: गाठी सुटतात. लगेच बर्फात, निदान एक मिनिट, म्हणजे पुन्हा गुंतायच्या आत प्रायमर बसतो. मग बफर, त्यात मॅग्नेशियम असतं. मग डीटीटी, झाकण उघडल्यावर गंधकाचा वास आला पाहिजे. डीटीटी हवेत बिघडतं, म्हणून त्याच्याही छोट्या ट्यूबा करा, एक ट्यूब सारखी वितळवू-गोठवू नका. मग आरएनएज इनहिबिटर. हे एक प्रथिन आहे, आरएनएज ए च्या कुळाला घट्ट धरून ठेवणारं, आणि त्याची पकड टिकायला डीटीटी लागतं. सगळ्याच आरएनएजांना मात्र ते धरत नाही. ते घातलंय म्हणून हातमोजे बदलायचा कंटाळा चालणार नाही.

शेवटी एन्झाइम. ते निम्म्या ग्लिसरॉलमध्ये असतं, म्हणून मायनस वीसलाही गोठत नाही, घट्ट पाकासारखं राहतं. फ्रीझर फ्रॉस्ट-फ्री असेल तर ट्यूब कोल्ड ब्लॉकमध्येच ठेवा, कारण बर्फ साचू नये म्हणून तो फ्रीझर स्वतःला अधूनमधून गरम करत असतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणार असेल तर आदल्या दिवशी ब्लॉक तळाशी, जाड बर्फात. आता एक मायक्रोलिटर घ्यायचं आहे. टिप पृष्ठभागाच्या जेमतेम खाली. अंगठा हळू सोडा. ग्लिसरॉल उशिरा वर चढतं, त्याची वाट बघा. टिप बाहेर काढताना बाहेरच्या भिंतीला एक थेंब लटकतो. तो आतल्यापेक्षा मोठा असू शकतो, आणि तो तसाच नळीत गेला तर रिअ‍ॅक्शनमध्ये ठरल्यापेक्षा दुप्पट एन्झाइम आणि नको तेवढं ग्लिसरॉल जातं. ट्यूबच्या कडेला टिप टेकवा, थेंब सोडा. मग रिअ‍ॅक्शनमध्ये तळाशी, हळू, दोनदा वर-खाली. व्हॉर्टेक्स नाही. बोटानं एक टिचकी, एक क्षणभराचा स्पिन.

शेजारी दोन नळ्या आणखी आहेत, त्यांच्याकडे लक्ष द्या. एकीत आरएनएऐवजी पाणी. दुसरीत सगळं आहे, फक्त एन्झाइम नाही. तिथं नंतर काही उगवलं तर ते डीएनएचं उरलेलं, डीएनएज एन्झाइमनं ते आधी नीट न कापल्याचं. दोन्ही नळ्या रिकाम्या निघाव्यात अशीच इच्छा धरून आपण त्यांना सारख्याच काळजीनं भरतो.

मशीनचं झाकण लावा. ५० अंश, पाऊण तास ते एक तास. मग ७० अंश, पंधरा मिनिटं, म्हणजे एन्झाइम निकामी. हेक्सामर असते तर आधी २५ अंशांवर दहा मिनिटं द्यावी लागली असती. सहा अक्षरांचा तुकडा ५० अंशांवर टिकत नाही, म्हणून आधी तो थोडा लांबवून घ्यायचा. आज ती पायरी नाही. बसा.

या तासाभरात करण्यासारखं काही नाही. आत एन्झाइम सेकंदाला मोजकी अक्षरं लिहितंय, गळतंय, पुन्हा चढतंय. लोकांना ही वाट बघणं एकदा घरोघरी माहीत झालं होतं. २०२० मध्ये रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागत होते. भारतातला कोविडचा पहिला रुग्ण, ३० जानेवारी २०२० रोजी, केरळमधला, निश्चित झाला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत. १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झालेली हीच ती. पुण्याच्याच मायलॅब कंपनीचं किट १८ मार्चला तपासणीसाठी या संस्थेकडे गेलं. ते बनवणाऱ्या चमूच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले तेव्हा गरोदर होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. २३ मार्चला किटला मान्यता मिळाली. हे आपण कौतुकानं आठवतो, आठवावंच. पण त्या चमूनं स्वतःला घातलेली अट मला जास्त लक्षात राहिली: एकाच नमुन्यावर दहा वेळा चाचणी केली तर दहाही निकाल सारखे यायला हवेत.

अशा किटमध्ये दोन्ही पायऱ्या एकाच नळीत होतात: आधी प्रत, मग पीसीआर, मध्ये झाकण उघडायचं नाही. रोज शेकडो नमुने आणि एकच प्रश्न असेल तर हेच योग्य. तुमच्या लसणाला हे सोयीचं नाही. एका पानात चार-पाच विषाणू असू शकतात. आज सीडीएनए करून मायनस वीसला ठेवला तर उद्या त्यालाच दुसरा प्रश्न विचारता येतो.

त्या काळातला एक बारकावा इथं उपयोगाचा. अमेरिकेच्या सीडीसीच्या चाचणीत माणसाचं आरएनएज पी हे जनुक सोबत तपासत. ते दिसलं तर स्वॅबमध्ये माणसाच्या पेशी आल्या होत्या आणि पीसीआर चालला होता. पण ते प्रायमर माणसाच्या डीएनएवरही चालतात. म्हणजे आरएनएवरून प्रत करण्याची पायरी पूर्ण फसली असती तरी तो कंट्रोल हसत उभा राहिला असता. वनस्पतींत याला एक चांगला पर्याय आहे: मायटोकॉन्ड्रियातलं नॅड५ जनुक, प्रायमर अशा जागी बसवलेले की मधला इंट्रॉन काढून टाकलेल्या आरएनएवरूनच तेवढा तुकडा मिळावा. या आरएनएला ए-अक्षरांची शेपटी सहसा नसते, म्हणून प्रत करतानाच ऑलिगो डीटीसोबत नॅड५चा स्वतःचा प्रायमरही घालायचा. नॅड५ आलं तर प्रत झाली आहे, याची खात्री. किट घेताना सोबतचा कंट्रोल नेमकं काय सिद्ध करतो हा प्रश्न विक्रेत्याला विचारून बघा. बहुतेक वेळा तो "सर, विचारून सांगतो" म्हणतो.

मशीन वाजलं. पीसीआर लावला, निकाल आला: विषाणूंच्या रांगांत काही नाही. पाण्याची नळी रिकामी, एन्झाइम नसलेली रिकामी. नॅड५? अगदी पुसट.

लगेच "नाही" लिहू नका. वहीत तो दुसरा भागाकार आहे. लसूण-कांद्याच्या पेशीत फ्रुक्टनसारख्या साखरा ठासून भरलेल्या असतात, फिनॉल असतात, आणि ते आरएनएबरोबर खाली बसतात. निष्कर्षणातलं ग्वानिडीन, धुतल्यावर नीट न उडालेलं अल्कोहोल, हेही त्यात. या सगळ्यांमुळे एन्झाइम अडतं. अशा वेळी हात आपोआप जास्त आरएनए घालायला जातो. उलट करा: आरएनए दहापट पातळ करा आणि पुन्हा प्रत करा. अडथळाही दहापट पातळ होतो, आणि एन्झाइम मोकळं झालं की कमी आरएनएतून जास्त सिग्नल येतो.

तर पुन्हा एकदा. ६५, बर्फ, बफर, डीटीटीचा वास, लटकलेला थेंब, झाकण. पुन्हा तासभर. घाईनं काही साधत नाही, अंडरपास आत्ता तसाही तुंबलेला असणार.

दुसऱ्या खेपेला नॅड५ ठळक येतं. आणि त्याच्या शेजारच्या रांगेत, पहिल्या खेपेला जिथं काहीच नव्हतं, तिथं ओनियन यलो ड्वार्फच्या कवचाचा तुकडा नेमक्या उंचीवर उभा आहे. लसणातलाच दुसरा विषाणू लीक यलो स्ट्राइप, त्याची रांग मात्र याही वेळी मोकळी.

आता रिपोर्ट लिहा. ओनियन यलो ड्वार्फ: आढळला. लीक यलो स्ट्राइप: ऑलिगो डीटीवरून केलेल्या सीडीएनएत, कवचाच्या भागासाठी, आढळला नाही, नॅड५ मिळालं. आयरिस यलो स्पॉट: तपासला नाही. ही तिसरी ओळ रिपोर्टच्या छापील नमुन्यात बसत नाही, त्यात दोनच चौकटी असतात. खाली शेरा म्हणून लिहा, सही त्याच्या खाली करा, वर नको.

शेतकऱ्याला फोन लावा. या वाफ्यातल्या पाकळ्या बियाण्याला नकोत, एवढं सांगा. तो विचारेल की बांधापलीकडच्या कांद्यावर फुलकिडे झालेत, त्यातून काही आलंय का. सांगा की ते अजून बघितलेलं नाही. मूळ आरएनए मायनस ऐंशीला उरलाय, ट्यूबवर तारीख आणि लॉट नंबर आहे. मग इंडेंटचा फॉर्म काढा आणि पहिल्याच ओळीत रँडम हेक्सामर लिहा. "किटमध्ये समाविष्ट नसल्यास स्वतंत्र" हेही लिहा, नाहीतर परचेसवाले पुन्हा तेच किट मागवतील.